खरखरीत पट्टी

उझोडिन्मा दादा ऑगस्टात गेला, आणि त्याच्या थोरल्या मुलाला, कानायोला, सगळ्यात आधी काय दिसलं असेल, तर घराची जमीन. कानायोचं त्यात चुकलं असं मी म्हणत नाही. आमच्याकडे बाप गेला की त्याला ओनित्शाच्या शवागारात ठेवतात आणि मुलं घराच्या मागे लागतात. कुणी छप्पर बदलतं, कुणी रंग देतं, कुणी फाटकावर सिमेंटचे सिंह बसवतं. घर तयार होत आलं की तारीख धरतात, पोस्टर छापतात, आणि मग बाप शेवटचा घरी येतो. तोवर त्याने थंडीत वाट बघायची. उझोडिन्मा दादाने जन्मभर ओनित्शा ते जोस लॉरी हाकली होती. चार महिने एका जागी तो कधी पडून राहिला नव्हता.

हा लॉरीवाला कधी वेळेवर घरी आला नाही, हेही इथंच सांगून टाकतो. कधी टायर फुटे, कधी पूल बंद, कधी पोलिसांचा नाका. मंगळवारी येतो म्हणाला की गुरुवारी उगवायचा, आणि त्याची बायको, अकुआबाटा वहिनी, दारात उभी राहून एवढंच म्हणायची, "आलात? नेहमीसारखाच उशीर." सगळ्या वाडीला ते वाक्य पाठ होतं. पोरं खेळात ती नक्कल करायची.

मी ओझोएमेना, दादाचा चुलत भाऊ, धंद्याने फरशीवाला गवंडी. सदतीस वर्षं झाली, गुडघ्यांची वाट लागलीय. दादाच्या घरात मात्र मी कधी फरशी घातली नव्हती. तिथं लाल रंग घोटलेला सिमेंटचा कोबा होता, एकेचाळीस वर्षांचा. स्वयंपाकघराच्या दारात त्याला लांबलचक भेग होती, याम कंद कुटायच्या उखळाखाली खळगा पडला होता, मागच्या दाराशी उतार होता. कानायो लागोसहून आला, त्या जमिनीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "काका, ह्याच्यावर बाबांना ठेवायचं? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

डिसेंबरचा दुसरा शुक्रवार ठरला. ऑक्टोबरात आम्ही दोघं ओनित्शाबाहेरच्या बांधकाम सामानाच्या बाजारात गेलो, न्वाकाएगोच्या दुकानात. वीस वर्षांची माझी ओळख आहे तिच्याशी, आणि वीस वर्षं आम्ही भांडतोय.

"आली का स्वारी!" मला बघून ती म्हणाली. "ओझो, तुझ्यासारखी चार गिऱ्हाइकं मिळाली तर दुकान बंद करून रस्त्यावर उकडलेला ओक्पा विकायला बसेन मी. मागच्या वेळी चौदा खोकी फोडलीस, आणि नेलंस काय? एका न्हाणीघराचं सामान."

"फोडली म्हणून तर कळलं, सहा खोक्यांत रंग वेगळा होता."

"मला आधीच माहीत होतं!"

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू येतोस ना सांगायला, फुकटात."

आमचं हे चालू असताना कानायोने निवडसुद्धा केली होती. चार फूट बाय चार फूट, पांढरी, आत राखाडी शिरा, आणि अशी चकचकीत की तिच्यात दुकानाचं छप्पर आणि कानायोची कोरलेली दाढी दोन्ही दिसत होतं. "ही," तो म्हणाला. मिनिटभरात झालं त्याचं. माझं डोकं फिरलं. माणूस साधा सदरा घेतो तर कॉलर उलटून बघतो, शिवण ओढून बघतो. ज्याच्यावर घर पुढची चाळीस वर्षं उभं राहणार, बसणार, ते मात्र नुसतं डोळ्यांनी घ्यायचं!

"दोन काढ," मी न्वाकाला म्हणालो.

दोन फरश्या मी तोंडाला तोंड लावून एकीवर एक ठेवल्या आणि कोपऱ्यावर अंगठा दाबला. वरची डुलली. मधल्या फटीत माझं नख आरामात गेलं. लहान फरशी जराशी वाकडी असली तर खपून जाते. चार फुटी वाकडी असली तर शेजारणीच्या कडेवर ती उठून बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगठ्याला ठेच लावते. ती बाद. दुसऱ्या ढिगातल्या फरशीवर मी शाईची रेघ ओढली आणि ओल्या फडक्याने पुसली. रेघेचा डाग तसाच राहिला. पॉलिश करताना तिची छिद्रं उघडी पडली होती आणि वरून ती नीट बुजवलीच नव्हती. तीही बाद. तिसऱ्या ढिगाच्या खोक्यांवर पहिला दर्जा छापलेला होता, पण चिकटपट्टी दोनदा लावलेली दिसत होती.

"हे कुणीतरी उघडून परत भरलंय," मी म्हणालो.

न्वाकाने वाकून पाहिलं आणि ज्याने तिला माल दिला त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ते खोटं नव्हतं, तिला खरंच राग आला होता. मग ती स्वतः आतल्या खोलीत गेली आणि चौथा माल दाखवला. तोच पांढरा, त्याच शिरा, पण शिरा जरा मऊ, दुधात राख विरघळल्यासारख्या. तोंडाला तोंड लावलं, डुलली नाही. पालथी करून पाण्याचा थेंब टाकला, थेंब तसाच उभा राहिला. खरी पोर्सिलेन पाणी पीत नाही. बोटाच्या पेराने ठोकलं तर स्वच्छ आवाज आला. सगळ्या खोक्यांवर एकच लॉट नंबर होता. मला पटली.

"झालं समाधान?" कानायोने विचारलं. दीड तास तो फोनवर उभा होता.

"माल उत्तम आहे. पण चकचकीत आहे. थेंबभर पाणी सांडलं की आईचा पाय सटकेल हिच्यावरून."

"काका, आई धडधाकट आहे. धडधाकट आहे म्हणूनच तर तिला इथं एकटीला राहू देतोय. जरा कुठं काही कमी-जास्त दिसलं, की त्याच दिवशी उचलून लागोसला नेणार. तिसऱ्या मजल्यावर खोली तयार ठेवलीय तिच्यासाठी."

तो हे प्रेमाने बोलला. ह्या पोरात वाईट काही नाही, घाई तेवढी आहे.

पण बाजारातून निघता निघता माझ्या मनात आलं, की ह्या फरशीवर खरं बसणार कोण? माणसं एक दिवस येतील, जेवतील, फोटो काढतील, जातील. त्यानंतर शोकाचे सगळे दिवस विधवेने जमिनीवर चटई टाकून बसायचं असतं. त्या बाईला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. दफन होईपर्यंत तिला फाटकाबाहेर पडता येत नाही, त्यामुळे बाजारात ती दिसतच नाही, आणि जी दिसत नाही तिची आठवण कुणाला राहते? मी न्वाकाकडून तीन प्रकारच्या एकेक फरश्या मागून घेतल्या आणि गाडीत घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या वहिनीच्या अंगणात मांडल्या. एक चकचकीत, एक मंद, आणि तिसरी मी पालथी टाकली होती, खडीवर तिचं पॉलिश खरवडू नये म्हणून. वहिनी ओट्यावरून अनवाणी उतरली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पण पाठ ताठ. तिने मान खाली घातलीच नाही. ती फरश्यांवर चालली. पहिलीवर थांबली, पायाचा अंगठा पुढे-मागे घासला, उतरली. दुसरीवर तसंच. तिसरीवर मात्र दोन्ही पाय रोवून उभी राहिली आणि तिचा चेहरा सैल पडला.

"ही," ती म्हणाली. "ही पाय धरते."

मला हसू आलं. "वहिनी, पालथी आहे ती! पाठीवर उभी आहेस तू तिच्या. त्या रेघा मसाला धरायला असतात."

ती हसली नाही. माझ्याकडे वळली, पण माझ्या खांद्याच्या जरा पलीकडे बघत राहिली.  मी हात वर केला आणि तिच्या डोळ्यांसमोर हळूच हलवला.

"हात हलवू नकोस, ओझो. वारा लागतो."

मी तिथंच खडीवर बसलो.

"कधीपासून?"

"डावा पाच वर्षं झाली. उजवा तेव्हापासून अंधुक होत होता, ह्या ईस्टरला गेला. काचबिंदू. उजेड कळतो, दार कुठं आहे ते कळतं. माणूस कळत नाही."

"आणि दादा?"

"त्यांना एकट्यांना माहीत होतं. माझ्याआधी उठून सगळं जागच्या जागी लावून ठेवायचे. पाहुणे आले की खोकायचे. एकदा खोकले की माणूस डावीकडे, दोनदा खोकले की उजवीकडे. तू म्हणायचास ना, दादाचा खोकला बरा होत नाही म्हणून? तोच तो." तिने पायाने फरशीची कड चाचपली. "लॉरी सोडल्यापासून एकदासुद्धा उशीर नाही केला रे त्यांनी."

 पाच वर्षं मी त्या घरी ताडी प्यायला जात होतो, दादाला मध घे, आलं घे असं सांगत होतो, आणि दोघं म्हातारे मला बनवत होते.

"ह्या कोब्यावर मला डोळ्यांची गरज पडत नाही," ती म्हणाली. "भेग लागली की स्वयंपाकघर. खळगा लागला की उखळ. उतार लागला की मागचं दार. तो तू फोडणार."

"हो."

"त्याच्या जागी काय घालणार?"

"चार फुटी. सांधे केसाएवढे, तेही त्याच रंगाने भरायचे. कानायोला अखंड हवंय सगळं, तळ्यासारखं."

"मग मी काय तळ्यावर चालू?"

तिच्या आवाजात चीड होती. पुढचं तिने हळू आवाजात सांगितलं. कानायोला कळलं तर तो लागोसला नेणार. तिथल्या तिसऱ्या मजल्यावर ती खुर्चीत बसून राहणार, कुणीतरी हात धरेल तेव्हा उठणार, कुणीतरी वाढेल तेव्हा जेवणार. इथं नवऱ्याची कबर अंगणात असेल. "मला त्यांना बघायचं नाहीये, ओझो. जवळ जाऊन बसायचंय, संध्याकाळी, माझ्या पायांनी." आणि त्याआधी तो शुक्रवार होता. आमच्या भावकीत शवपेटी बंद करायच्या आधी बायको एकटी नवऱ्याजवळ जाते. कुणी हात धरायचा नाही. धरावा लागला तर लोक म्हणतात, हिचं मन साफ नव्हतं, पाय उचलेना. सगळ्या गावासमोर तिला आपल्या खोलीपासून दिवाणखान्यात त्याच्यापर्यंत एकटीने जायचं होतं.

"कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली. मी शब्द दिला.

मला लाज वाटत होती. सदतीस वर्षं मी फरशीची पारख सांगत आलो, कड बघ, रंग बघ, आवाज बघ. पण जमीन माणसाला पायाने वाचता येते, हे मला कोणी शिकवलं नव्हतं आणि मला कधी सुचलंही नव्हतं.

मी न्वाकाकडे परत गेलो. एकटाच.

"आता काय? आरसा आणून बघणार त्यांच्यात?"

"तीच फरशी, त्याच शिरांची, पण खरखरीत हवी. बाहेरच्या ओट्याला लावतात तशी."

"दिवाणखान्यात ओट्याची फरशी? दारू सोड, ओझो."

"न्वाका, ह्या वेळी भांडू नको."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि भांडली नाही. बाजारातल्या बाजारात चार दुकानं फिरली आणि त्याच कारखान्याची, त्याच नक्षीची खरखरीत शोधून काढली. ती दोन मिलिमीटर जास्त जाड होती, म्हणजे तिच्याखालचा थर मला तेवढा खरवडून पातळ घ्यावा लागणार होता. चालेल म्हणालो. एका फरशीवर तिने अनवाणी पाय फिरवून बघितला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "कोण पडणार आहे?" मी म्हणालो, "कुणी पडू नये म्हणूनच." तिने पुढे विचारलं नाही.

कोबा फोडला त्या दिवशी वहिनी अंगणातल्या झाडाखाली बसून होती. घणाचा प्रत्येक घाव पडला की तिचे ओठ हलत. ती मोजत होती की प्रार्थना म्हणत होती, मी विचारलं नाही. भेग फुटली तेव्हा मी मुद्दाम मोठ्याने सांगितलं, "स्वयंपाकघर गेलं, वहिनी." तिने मान हलवली.

मग मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली फरशी घातली. बढाई नाही मारत. चार फुटी फरशीखाली मसाल्याचे चार गोळे टाकून बसवणारे खूप आहेत. कोपऱ्यात पोकळ राहते, वर्षभरात तडकते. मी पूर्ण थर ओढला, फरशीच्या पाठीवरही ओढला, एकेक ठोकून ऐकली. आणि खरखरीत फरशी कापून तिची वीतभर रुंद पट्टी काढली. चार फूट लांब कापताना दोन तडकल्या, तेव्हा मी इतकं वाईट बोललो की चर्चमध्ये फादरपुढे कबुली द्यायला जावं लागलं. ती पट्टी वहिनीच्या पलंगापासून निघते, स्वयंपाकघराकडे जाते, तिथून मागच्या दाराला. तिची एक शाखा दिवाणखान्यात शिरते आणि समोरच्या भिंतीशी संपते, जिथं दादाचा लॉरीसमोरचा फोटो आहे. शेवटी मी दोन फुटांचा चौकोन खरखरीत ठेवला, म्हणजे पोचलो हे पायाला कळावं. आमच्या वाडीत प्रत्येक घरात माणसाला त्याच भिंतीशी ठेवतात, दाराकडे पाय करून. माझ्या बापाला तिथंच ठेवलं होतं, त्याच्या बापालाही. त्यामुळे जागा कुणाला विचारायची असते, असं माझ्या डोक्यात आलंच नाही.

डोळ्यांनी बघणाऱ्याला ती पट्टी म्हणजे जरासा मंद पडलेला रंग. मी कानायोला फोटो पाठवला. त्याचा फोन आला.

"काका, ही मधे पट्टी कसली?"

"हल्ली मोठ्या हॉटेलांत अशीच टाकतात," मी म्हणालो. फार वाईट वाटलं खोटं बोलताना.

"मस्त दिसतेय! लागोसला कुणाकडे नाही अशी!"

वहिनी रोज पहाटे त्या पट्टीवर चालायची. पहिल्या दिवशी दोनदा चुकली. आठव्या दिवशी मी दारात उभा होतो तर ती हातात पाण्याचं भांडं घेऊन पलंगापासून चौकोनापर्यंत आली आणि थेंबही सांडला नाही. चौकोनात थांबून तिने हात पुढे केला, रिकाम्या हवेत, दादाचं कपाळ असेल त्या उंचीवर. "इथं?" तिने विचारलं. "तिथंच," मी म्हणालो.

शुक्रवार उजाडला. वाळवंटाकडून येणारी कोरडी धूळ हवेत भरली होती, उन्हाला पिवळा रंग आला होता. मांडव, खुर्च्या, बँड, पांढरे सूट आणि पांढऱ्या टोप्या घातलेले पेटी उचलणारे. मी बाहेर मांडवात कोलाच्या बिया वाटणाऱ्यांबरोबर अडकलो होतो. शववाहिका आली, दादाला आत नेलं, मागून व्हिडिओवाला आत गेला. दिवाणखान्याची दारं सगळ्यांसाठी उघडली तेव्हा मी आत शिरलो.

पेटी समोरच्या भिंतीशी नव्हती. डाव्या बाजूला खिडकीखाली होती, सहा पावलं लांब.

"तिकडे का ठेवलं?" मी व्हिडिओवाल्याचा दंड धरला.

"काका, उजेड बघा ना इथला! त्या भिंतीशी चेहराच येत नाही. कानायोदादांना विचारूनच केलंय."

वहिनी आतल्या खोलीत बायकांच्या गराड्यात होती. तिथं पुरुषाने जायचं नसतं. मी कानायोला शोधत होतो, तो पेटीच्या उशाशी फादरबरोबर उभा होता, आणि आमच्यामध्ये अख्खं गाव. मी "कानायो" अशी हाक मारली, पण बाहेर बँड सुरू झाला आणि खोलीचं दार उघडलं.

वहिनी बाहेर आली. पांढरं वस्त्र, अनवाणी पाय. बायका दारातच थांबल्या. तिने उजवा पाय सरकवला, पट्टी सापडली, आणि ती निघाली. कशी चालली म्हणून सांगू! पाठ ताठ, मान वर, एक पाऊल चुकलं नाही. लोकांनी वाट दिली. मागून कुणीतरी बाई म्हणालीसुद्धा, "बघा, पाय कसे उचलतायत. मन साफ आहे बाईचं." ती खिडकीखालची पेटी मागे टाकून सरळ पुढे गेली. चौकोनात पोचली. थांबली. वाकली. आणि नवऱ्याच्या कपाळाला लावायला हात पुढे केला.

हाताला काही लागलं नाही.

तिने हात मागे घेतला नाही. थोडा खाली नेला, थोडा डावीकडे. मग तिथंच ठेवला.  पुष्कळांना वाटलं, दुःखाने वेडी झाली.  दिलेला शब्द मोडावा की तिला तशीच उभी राहू द्यावी, मला कळत नव्हतं, आणि ती मला कधीच माफ करणार नाही असं वाटत होतं.

कानायोने आईच्या हाताकडे पाहिलं. मग तिच्या पायांकडे. पायाचा अंगठा चौकोनाची कड चाचपत होता. तिथून त्याची नजर त्या मंद पट्टीवरून मागे मागे गेली, पार तिच्या खोलीच्या दारापर्यंत, आणि मग माझ्यावर आली. मी मान खाली घातली. त्याला सगळं कळलं होतं.

मला वाटलं, आता तो जाऊन तिचा हात धरेल. धरला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. पण त्याने धरला नाही. फादरच्या हातात स्वतःची टोपी दिली, पेटीची उशाकडची बाजू स्वतः पकडली आणि उचलणाऱ्यांना नजरेने खुणावलं.

"कानायोदादा, उजेड..." व्हिडिओवाला म्हणाला.

"बाजूला हो."

सहा पावलं. बाहेर बँड जोरात वाजत होता, आत फक्त बुटांचा आवाज. कानायो उलटा चालत होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. त्यांनी पेटी अलगद आणली आणि वहिनीच्या हाताखाली ठेवली. तिची बोटं दादाच्या कपाळावर टेकली. बोटं कपाळावरून भुवईवर आली, भुवईवरून गालावर. मग तिने त्याची लाल टोपी नीट केली.

"आलात?" ती म्हणाली. "नेहमीसारखाच उशीर."

खोलीत एकाचेही डोळे कोरडे राहिले नाहीत.

बाहेर गेल्यावर लोकांनी त्याचा वेगळाच अर्थ लावला. म्हणाले, बघा, मुलाने आईचा केवढा मान ठेवला, बापाला तिच्या पायाशी आणलं. जानेवारीत पलीकडच्या वाडीत म्हातारा गेला तेव्हा त्याच्या मुलांनीही म्हातारीपर्यंत पेटी उचलून नेली, आणि आता विचाराल तर सांगतील की हे पूर्वीपासून असंच आहे. मी काही बोलत नाही.

दफनानंतर चार दिवस कानायो माझ्याकडे फिरकला नाही. मी घराबाहेर पडलो नाही. तो तिचं सामान बांधत असेल असं मला वाटत होतं, आणि माझ्यामुळे ते लपून राहिलं ह्याचा जाब तो मला विचारेल ह्याची मी वाट बघत होतो. पाचव्या दिवशी सकाळी तो आला. पाय धुळीने भरलेले, अनवाणी. बाकावर बसला. मी ताडी पुढे केली, ती त्याने घेतली नाही.

"काका," तो म्हणाला, "ती खरखरीत फरशी अजून मिळेल?"

"कशाला?"

"ओट्यापासून बाबांपर्यंत."

 मी उगाच टेप शोधायला लागलो. "चल, मोजून घेऊ," मी म्हणालो.

"मोजली," तो म्हणाला. "आईच्या मागे मागे चाललो, डोळे मिटून. सत्तावीस पावलं आहेत. तिची."